पुणे विद्यापीठात वर्षभर कोणकोणते कार्यक्रम असतात आणि ते कळतात कुठून?

तुम्ही लिहिलंय की परभणीहून एम. ए.ला आलेय, हॉस्टेल मिळालंय, पण कॅम्पसवर पुढे काय काय आहे ते कुणी धड सांगत नाही; आणि वर्गातल्या पुणेकर मुलींना मात्र सगळं आधीच कसं माहीत असतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. त्यांनाही माहीत नसतं. त्या फक्त तसं दाखवतात.

मीही बाहेरचाच. जालन्याहून आलो, दोन वर्षं विद्यापीठात काढली, आता नोकरी बाणेरला. त्यामुळे अजूनही एखाद्या संध्याकाळी आत चक्कर होते. तेव्हा अनुभवातून सांगतो: इथे कार्यक्रम दोन जातींचे असतात. एक तारखेला बांधलेले, दुसरे चार दिवस आधी नोटीस बोर्डावर उगवणारे. तुम्हाला पहिल्यांची यादी हवी आहे, पण खरी मजा दुसऱ्यांत आहे.

तारखेचे आधी. 3 जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. 2014 साली विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं आणि 2022 साली आवारात त्यांचा पुतळा उभा राहिला, त्यामुळे सकाळी तिथे गर्दी असते. 10 फेब्रुवारी हा विद्यापीठाचा वर्धापनदिन. भाषणं, पुरस्कार, हार-तुरे. एकदा बघावा, दरवर्षी नाही बघितला तरी चालतं. पण त्या निमित्ताने मुख्य इमारतीसमोर जरा उभ्या राहा. विद्यापीठ 1949चं, इमारत मात्र त्याच्या कितीतरी आधीची, मुंबईच्या गव्हर्नरचा पावसाळी बंगला. या आवारातला सगळ्यात गाजलेला 'कार्यक्रम' विद्यापीठाने भरवलेला नाहीच. 22 जून 1897ला इथे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी होती, आणि ती आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळ्या झाडल्या. 'गोंद्या आला रे' ही खूण शाळेत वाचलेली असते. ती ज्या रस्त्यावर दिली गेली तिथेच आज आपण बसची वाट बघत घड्याळ बघतो.

फेब्रुवारीच्या शेवटी दोन दिवस पाठोपाठ येतात. 27ला मराठी भाषा गौरव दिन. तुम्ही मराठीच्या असाल तर त्या दिवशी खुर्च्या लावण्यापासून सूत्रसंचालनापर्यंत काहीतरी गळ्यात पडणारच, सुटका नाही. आणि 28ला विज्ञान दिन. सी. व्ही. रामन यांनी 1928 साली याच तारखेला आपला शोध जाहीर केला आणि 1987पासून तो देशभर पाळतात. पुण्यात त्या दिवशी आयुकाचे दरवाजे सगळ्यांना उघडे असतात. कला शाखेच्या आहात म्हणून हा दिवस सोडू नका, हे कळकळीने सांगतो. मी पहिल्या वर्षी सोडला होता.

आयुका म्हणजे जयंत नारळीकरांनी 1988 साली उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था, आपल्याच आवारात. इमारत चार्ल्स कोरिया यांची. मधल्या चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत आणि विज्ञान दिनाला त्यांच्या अंगाखांद्यावर पोरं लोंबकळत असतात. तिथे फुकोचा लंबक आहे, पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे डोळ्यांना दाखवणारा. दोरीला टांगलेला जड गोळा, नुसता डोलत राहणारा. माझ्या शेजारी दहा-अकरा वर्षांचा मुलगा उभा होता. बराच वेळ टक लावून बघितल्यावर तो म्हणाला, "दादा, हलतोय, पण फिरत कुठे नाहीये." तिथे उभी असलेली पीएचडीची मुलगी हसली नाही. तिने त्याला जमिनीवरची एक खूण दाखवली, गोळा त्या खुणेच्या नेमका वरून जात होता, आणि म्हणाली, "जा, डबा खाऊन ये, मग सांग." तासाभराने पोरगा खरंच परत आला. गोळा खुणेपासून जरासा सरकला होता. आपल्या अक्षांशावर डोलण्याची दिशा सरकते तासाला जेमतेम 5 अंश, पूर्ण फेऱ्याला साधारण 75 तास. ध्रुवावर हाच फेरा एका दिवसात होतो. पोराने वाकून बोटाने अंतर मोजलं आणि आईला ओरडून सांगितलं, "आई, जमीन फिरली!" माझं त्या क्षणी एम. ए. झालं असं समजा.

(त्याच दिवशी नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीणही बघता येते. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना शेतांमधून पसरल्यात. पण ती दिवसभराची वारी आहे. आयुका आणि खोडद एका दिवसात उरकायला जाऊ नका, मित्रांच्या नादाने मी गेलो आणि दोन्हीकडे फक्त रांगा बघितल्या.)

आता कॅम्पसबाहेरचं थोडक्यात, कारण तेही आपलंच. पावसाळ्यात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. 1963पासून चालू आहे, 'अरे आव्वाज कुणाचा' तिथे जाऊनच ऐकायचं. 2022 साली परीक्षकांनी एकही एकांकिका त्या तोडीची नाही म्हणून करंडक कुणालाच दिला नव्हता. त्यावर पुण्यात आठवडाभर भांडणं झाली, म्हणजे स्पर्धा जिवंत आहे. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव. आणि परीक्षा संपत आल्या की टिळक स्मारक मंदिरात वसंत व्याख्यानमाला, 21 एप्रिल ते 20 मे, रोज संध्याकाळी. न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केलेली.

आता बेतारखेचे. ललित कला केंद्राच्या मुलांचे प्रयोग आणि मैफली हे त्यात पहिलं नाव. नाटक, नृत्य आणि संगीत गुरुकुल पद्धतीने शिकणारी मुलं आहेत. अंगणमंचावर काहीतरी आहे असं कानावर आलं की जेवण पुढे ढकला आणि जा. डासांची क्रीम न्या, हा सल्ला कुठल्याही पोस्टरवर नसतो.

दुसरं म्हणजे पीएचडीची ओपन व्हायव्हा, म्हणजे प्रबंधावरची सगळ्यांसमोर होणारी तोंडी परीक्षा, आणि याबद्दल कुणीच सांगत नाही. नोटीस बोर्डावर साध्या कागदावर विषय, वेळ आणि खोली छापलेली असते. कुणीही जाऊन बसावं, कुणी विचारत नाही. मी पहिल्यांदा गेलो तो केवळ नंतर चहा-वडा असतो असं ऐकून. उमेदवार माझ्याच जिल्ह्याचे, चाळिशीचे, कुठल्याशा ज्युनिअर कॉलेजात शिकवणारे. पहिल्या रांगेत त्यांची आई नऊवारीत, मांडीवर पेढ्यांचा पुडा घट्ट धरून. बाहेरून आलेल्या सरांनी एक अवघड प्रश्न टाकला तेव्हा यांना घाम फुटला, पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, "सर, इथे माझा अभ्यास कमी पडलाय." सर म्हणाले, "हे कबूल केलंत, बरं झालं." निकाल जाहीर झाल्यावर आईने पहिला पेढा त्या सरांनाच दिला. शोधनिबंध कसा लिहायचा याचे मी नंतर पुष्कळ वर्ग केले, पण पुरावा कुठे संपतो आणि अंदाज कुठे सुरू होतो ते त्या दुपारी कळलं. दुसऱ्या विभागाची व्हायव्हा असेल तरी जा. एखादी मानसशास्त्राची, एखादी भूगोलाची.

संशोधन करायचं मनात असेल तर 'आविष्कार' स्पर्धेच्या नोटिशीवरही डोळा ठेवा. हिवाळ्यात पोस्टर लावून उभं राहायचं असतं आणि मराठीतले विषयही चालतात.

कळतं कुठून? तुमच्या विभागाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तुमच्या विभागापुरताच. म्हणून दर सोमवारी जयकर ग्रंथालयात जाताना वाटेतल्या दोन-तीन विभागांचे बोर्ड वाचत जायचं. पेपरात पुण्याच्या पानावर शहरातल्या कार्यक्रमांची बारीक अक्षरांतली चौकट येते, ती हॉस्टेलच्या वाचनखोलीत फुकट वाचता येते. अनिकेत कॅन्टीनमध्ये शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर येतं ते वेगळंच. आणि सगळ्यात भरवशाचे म्हणजे शिपाई मामा. एकदा मी एका विभागातलं व्याख्यान ऐकायला चिखल तुडवत पोचलो तर हॉलला कुलूप. मामा स्टुलावर बसून शांतपणे म्हणाले, "पाहुणे काल येऊन गेले." पोस्टरवरची तारीख कुणी बदललीच नव्हती. तेव्हापासून निघण्याआधी मामांना विचारतो: हॉलच्या किल्ल्या कुणी मागितल्यात का? किल्ल्या मागितल्या असतील तरच कार्यक्रम आहे.

आवार 411 एकरांचं आहे, तेव्हा दहा मिनिटांत पोचू हा हिशेब गेटापाशीच सोडा. डिसेंबर-जानेवारीत संध्याकाळच्या कार्यक्रमाला स्वेटर लागतो, परभणीच्या माणसाला तर नक्कीच. आणि 28 फेब्रुवारीला धाकटा भाऊ किंवा बहीण आणायचं जमत असेल तर सकाळी लवकर रांगेत लागा, डबा बरोबर ठेवा. लंबकापाशी तासभर थांबावं लागतं.