स्टार ट्रेकचा पहिला पिक्चर इतका बोअर म्हणतात, त्यात आवडण्यासारखं काही आहे का?

तुम्ही लिहिलंय की स्टार ट्रेकचे, म्हणजे त्या अंतराळजहाजाच्या जुन्या अमेरिकन सिरियलवरून निघालेले, सगळे पिक्चर ओळीने बघायला घेतले आणि पहिल्यातच चाळीस मिनिटांत झोप लागली, आणि जो तो सांगतोय की तो सोडा, डायरेक्ट दुसरा बघा, तर पहिल्यात आवडण्यासारखं खरंच काही आहे का. आहे हो. भरपूर आहे. पण मलाही ते पहिल्या वेळी दिसलं नव्हतं, म्हणून आधी माझाच गाढवपणा सांगते.

मी राहते कळव्याला, ऑफिस महापेला, म्हणजे रोज ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडायची आणि कोपरखैरणेला उतरायचं. तर मी हा पिक्चर, 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर', १९७९ चा, १३२ मिनिटांचा, मोबाईलवर ट्रेनमध्ये उभ्याने रोज वीस-वीस मिनिटं असा आठवडाभर बघितला. एका कानात इअरफोन, दुसऱ्या कानात कोणाच्या तरी सासूचं पुराण. त्यात तो सीन आला जिथे कर्क (राशीतला नाही, कॅप्टन कर्क) छोट्या डब्यासारख्या यानात बसून डॉकमध्ये उभ्या असलेल्या एंटरप्राइझ या आपल्या जुन्या अंतराळजहाजाभोवती फिरतो. नुसता फिरतो. डायलॉग जवळपास नाहीच. ऐरोलीला सुरू झालेला सीन रबाळे गेलं तरी संपेना, मी वैतागून फॉरवर्ड केला. ग्रुपवर लिहिलंसुद्धा की हा पिक्चर म्हणजे स्क्रीनसेव्हर आहे. तेव्हाच्या लोकांनी पण अशीच नावं ठेवली होती, मोशन पिक्चर कसलं, मोशनलेस पिक्चर वगैरे, त्यामुळे मला वाटलं आपलं बरोबरच आहे.

मग दोनेक वर्षांनी एका रविवारी मेगाब्लॉक, बाहेर धो धो पाऊस, बाबा आणि मी घरी. बाबा कळवा कारशेडमधून फिटर म्हणून रिटायर झाले. त्यांना मशीन असलेलं काहीही चालतं, क्रेनचे व्हिडिओ तासन्‌तास बघतात. मी टीव्हीवर हाच लावला, निदान त्यांचा टाइमपास होईल म्हणून. सुरुवातीला काही मिनिटं नुसतं म्युझिक वाजतं, घडत काहीच नाही, तर बाबा म्हणाले, "अगं अडकलं वाटतं तुझं नेट."

आणि मग तो डॉकचा सीन आला. मी सवयीने रिमोट उचलला तर म्हणाले, "थांब, थांब. बघू दे." पुढे सरकून बसले. जहाज समोरून दिसलं, मग बाजूने, मग पोटाखालून, आणि बाबा एकदम म्हणाले, "पीओएच करून आलंय हे."

आता पीओएच म्हणजे काय तर रेल्वेत ठरावीक काळाने अख्खा रेक, म्हणजे डब्यांसकट सगळी गाडी, वर्कशॉपला पाठवून उघडतात, सगळं काढून, तपासून, रंग मारून परत देतात. बाबा सांगत होते की माटुंग्याहून असा रेक कारशेडला आला की ड्यूटी संपलेली माणसंसुद्धा एक चक्कर मारून यायची. काम काही नाही. नुसतं बाजूने चालत जायचं, हात लावायचा, रंगाचा वास घ्यायचा. "आणि त्या गाडीवर दहा वर्षं काढलेला माणूस असेल ना तर तो सगळ्यात हळू चालायचा."

मी गप्पच बसले. कारण कर्कचं तेच तर आहे! त्याला प्रमोशन देऊन अडीच वर्षं ऑफिसात बसवलंय, जहाज हातातून गेलंय, आणि आता ते नवं होऊन समोर उभं आहे. आणि त्याला फिरवून आणणारा कोण तर स्कॉटी, म्हणजे जहाजाचा इंजिनियर. ट्रान्सपोर्टर (माणसाला क्षणात दुसरीकडे पोचवणारं यंत्र) बंद असल्यामुळे यानातून जावं लागतंय हे खरं, पण सरळ दारावर नेऊन लावता आलं असतं की, तरी तो मुद्दाम पूर्ण चक्कर मारतो. बाबांचं लक्ष कर्ककडे नव्हतंच, ते स्कॉटीकडे बघत होते. "हा फिटर आहे ना? बघ, तो दाखवतोय त्याला." शेवटी कर्क त्याला थँक्यू म्हणतो तेव्हा मला कळलं की तो थँक्यू कशाबद्दल आहे. ट्रेनमध्ये मी हेच फॉरवर्ड केलं होतं.

यात आणखी एक समजून घ्या म्हणजे तो सीन इतका लांब का ते लक्षात येईल. मूळ सिरियल १९६९ ला बंद पडली होती, तीनच सीझन, ७९ भाग. त्यानंतर दहा वर्षं लोक रिपीट बघून वाट बघत होते. मध्ये नवीन सिरियल काढायचं ठरलं, सेट बांधायला घेतले, मग १९७७ ला 'स्टार वॉर्स' तुफान चालला आणि सिरियलचा पिक्चर झाला. म्हणजे कर्कसारखाच थिएटरात बसलेला माणूससुद्धा खूप दिवसांनी, तो तर दहा वर्षांनी, ते जहाज बघत होता, आणि ते पण टीव्हीवरच्या डबड्या मॉडेलसारखं नाही. आठ फुटी मॉडेल, मोत्यासारखी चमक असलेला रंग, आणि स्पेशल इफेक्ट्सवाल्या डग्लस ट्रंबुलने लाइटिंग अशी केली की जहाजावरचेच दिवे जहाजाच्या अंगावर पडतात, नावावर उजेड, बाकी काळोख. रात्री यार्डात उभी लोकल बघितली असेल तर तो उजेड तुम्हाला ओळखीचा वाटेल. हे जहाज म्हणजे कॉम्प्युटर ग्राफिक्स नाही हं. आणि हे सगळं शेवटच्या काही महिन्यांत, कारण आधी ज्यांना इफेक्ट्सचं काम दिलं होतं त्यांचं जमलं नाही, आणि रिलीजची तारीख ७ डिसेंबर ठरलेली, ती हलणार नव्हती. डायरेक्टर रॉबर्ट वाइजला नीट एडिट करायलाच मिळालं नाही, ते त्याने २००१ मध्ये डायरेक्टर्स एडिशन काढून केलं.

म्युझिकबद्दल तर वेगळं उत्तर लिहावं लागेल. जेरी गोल्डस्मिथ. याच डॉकच्या सीनला त्याने आधी जे दिलं होतं त्यात ठसठशीत धून नव्हती म्हणून वाइजने परत करायला लावलं, आणि मग जी धून आली ती इतकी चिकटली की १९८७ ला नवीन सिरियल आली तिचं टायटल म्युझिक हेच. त्यामुळे ऐकताना वाटेल की हे आपण कुठेतरी ऐकलंय. आणि पृथ्वीकडे येणाऱ्या त्या प्रचंड ढगाच्या सीनमध्ये मध्येच पोटात गोळा येईल असा 'घ्वांऽऽग' आवाज येतो ना, ते ब्लास्टर बीम नावाचं वाद्य, धातूच्या लांबलचक तुळईवर तारा ताणलेल्या. वाजवणारा क्रेग हक्सली, ज्याने लहानपणी मूळ सिरियलमध्ये कर्कच्या पुतण्याचं काम केलं होतं! मोबाईलच्या स्पीकरवर हा आवाज डास गुणगुणल्यासारखा येतो, त्यामुळे प्लीज हेडफोन तरी लावा.

आयटीत काम करत असाल तर डेकर आणि कर्कचं भांडण सोडू नका. डेकर या पोराने अठरा महिने खपून जहाज नवीन केलंय, तो कॅप्टन आहे, आणि ऐन प्रॉडक्शनच्या दिवशी जुने साहेब येऊन म्हणतात की बाजूला हो, मी बघतो. मग जहाज वर्महोलमध्ये, म्हणजे अवकाशातल्या भुयारात, अडकतं, समोर दगड येतोय, कर्क ऑर्डर देतो फेजर (किरणांची तोफ) मारा, आणि डेकर ती ऑर्डर ओलांडून टॉर्पेडो मारायला सांगतो. कर्क त्याला केबिनमध्ये घेऊन झापायला लागतो तर तो शांतपणे सांगतो की सर, नवीन डिझाइनमध्ये फेजरची पॉवर इंजिनातून येते, इंजिन गडबडलं तर फेजर चालतच नाहीत. म्हणजे साहेबांना नवीन सिस्टिम माहीतच नाही! आमच्या टीममध्ये असं एकदा झालंय, फक्त आमच्या साहेबांनी ऐकून घेतलं नाही, कर्क निदान ऐकतो. हिरो चुकलाय आणि हट्टी आहे हे पिक्चरच आपल्याला दाखवतो, आणि डॉक्टर मॅककॉय त्याला तोंडावर सुनावतो.

आणि इलिया! टक्कल केलेली नेव्हिगेटर. ती आपली पर्सिस खंबाटा, मुंबईची पारशी मुलगी, १९६५ ची मिस इंडिया. खरंच मुंडण केलं होतं तिने या रोलसाठी. आई स्वयंपाकघरातून डोकावली आणि लगेच म्हणाली, "अगं ही ती टकली, आमच्या वेळी मासिकात फोटो यायचे हिचे, केवढी चर्चा होती." लोक म्हणतात ती यात लाकडासारखी आहे, पण अहो, अर्ध्या पिक्चरनंतर ती माणूसच नाहीये, त्या ढगातल्या यंत्राने तिच्यासारखी बनवलेली बाहुली आहे, गळ्यावर दिवा लुकलुकतोय. त्या बाहुलीला मध्येच खऱ्या इलियाचं काहीतरी आठवतं आणि चेहरा क्षणभर हलतो, ते बघा.

आता पुढचं वाचू नका जर शेवट माहीत नसेल तर. पण तुम्ही झोपलातच म्हणून सांगते, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे.

पृथ्वीकडे एक प्रचंड ढग येतोय, वाटेत जे येईल ते नाहीसं करत, आणि आत कोणीतरी आहे, नाव व्हीजर. ते म्हणतं मला माझा निर्माता हवाय. शेवटी आतपर्यंत जातात तर तिथे एक जुनाट यंत्र, त्यावर धुळीने माखलेली पाटी, आणि कर्क हाताने पुसतो तर मधली ओ, वाय, ए ही अक्षरं दिसायला लागतात. व्हॉयेजर. नासाचं यान व्हॉयेजर ६, शेकडो वर्षांपूर्वी हरवलेलं. आमच्या गल्लीत 'गुरुकृपा' बिल्डिंगच्या पाटीचा 'गु' पडला होता, तर डिलिव्हरीवाले फोन करून विचारायचे, रुकृपा कुठे आहे? आणि काही दिवसांनी आम्हीच पत्ता सांगताना रुकृपा म्हणायला लागलो. म्हणजे हे इतकं महाभयंकर प्रकरण, स्वतःचं नाव विसरलेलं, कारण पाटीवर कचरा बसलाय. मला हसू आणि रडू दोन्ही आलं.

हे बघून बाबा म्हणाले, "तेव्हा स्कायलॅब पडली होती." खरंच की! जुलै १९७९, अमेरिकेची स्कायलॅब कुठे कोसळणार म्हणून आपल्याकडेही लोक घाबरून होते, शेवटी पडली ऑस्ट्रेलियात. आणि त्याच वर्षी मार्च आणि जुलैमध्ये खरी दोन व्हॉयेजर गुरूजवळून गेली. म्हणजे आपणच वर पाठवलेली वस्तू आपल्या डोक्यावर परत येईल का, ही त्या वर्षातली भीती अगदी ताजी होती. खरी व्हॉयेजर दोनच, १९७७ ला सुटलेली, अजून चालूच आहेत, व्हॉयेजर १ इतकं लांब गेलंय की सिग्नल एका बाजूने पोचायला जवळजवळ एक दिवस लागतो. त्यांच्यावरच्या सोनेरी तबकडीत (पृथ्वीवरचे आवाज भरलेली रेकॉर्ड) केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', आणि मराठीतून नमस्कारसुद्धा. पिक्चरमध्ये तबकडीचा विषयच निघत नाही. मला राहून राहून वाटतं की व्हीजरने वाटेत निदान केसरबाई ऐकल्या असत्या तर एवढा राग घेऊन आलं नसतं.

त्यातून व्हीजरचा हट्ट बघा. काम दिलं होतं की जे शिकता येईल ते सगळं शिक आणि परत येऊन सांग. ते आलं. माहिती द्यायला जुन्या रेडिओवर हाका मारतंय, तर खाली कोणाला ती भाषाच कळत नाही. मग हे लोक शोधून काढतात आणि शेवटचा कोड पाठवतात, ओटीपीच समजा, तर व्हीजरने स्वतःच अँटेनाची वायर जाळून टाकलेली, कारण ओटीपी नको, निर्मात्याने स्वतः यावं, हात लावावा. स्पॉकला, म्हणजे कर्कच्या जुन्या सहकाऱ्याला, ते सगळ्यात आधी कळतं, कारण तोही भावना पुसून टाकायला निघालेला, नुसतं लॉजिक उरलेला माणूस. आजारी पडलेला स्पॉक कर्कचा हात धरून सांगतो की ही एवढी साधी गोष्ट त्या यंत्राला समजत नाही. पिक्चरमधला माझा सगळ्यात आवडता मिनिट. शेवटी मारामारी होतच नाही आणि तरी पृथ्वी वाचते, हे असलं आता कोण काढतंय.

वाईट काय ते पण सांगते, नाहीतर म्हणाल भक्त आहे. कपडे भयंकर, सगळे दवाखान्याच्या नाइट ड्रेसमध्ये फिरल्यासारखे. ढगाच्या आत जाताना सुलू आणि चेकॉव्ह हे जहाजावरचे अधिकारी तोंड उघडं टाकून बघतायत असे इतके शॉट आहेत की तिथे मलाही चहा टाकून यावंसं वाटतं, टाकाच. सिरियलमधली थट्टामस्करी फार कमी. आणि मूळ पिक्चरमध्ये तो ढग ८२ एयू रुंद म्हणतात, म्हणजे सूर्य ते पृथ्वी अंतराच्या ८२ पट, जे डायरेक्टर्स एडिशनमध्ये गुपचूप दोनवर आणलंय!

तर बघायचाच असेल तर डायरेक्टर्स एडिशन बघा, २०२२ ला ती फोर-के करून परत काढलीय. रात्री, दिवे बंद करून, टीव्हीवर, आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत. दुसरा पिक्चर जास्त मस्त आहे यात वाद नाही, तो कमी पैशात केलाय आणि सुसाट पळतो, पण तो नंतरही पळेल, कुठे जात नाही.

बाबांनी संपल्यावर एकच विचारलं, "पुढच्या पार्टला तो फिटर आहे ना?" आहे म्हटलं. दुसरा बघून झाला, आता तिसरा लाव म्हणून मागे लागलेत, आणि तिसऱ्यात त्या जहाजाचं काय होतं ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.