१२३५यू घ्यावा की १२४०पी?

प्रश्न : दोन लॅपटॉप बाकी सारखेच, एकात इंटेलचा कोअर आय-५ १२३५यू प्रोसेसर, दुसऱ्यात १२४०पी. कोणता घ्यावा?

उत्तर : १२३५यूमध्ये २ वेगवान आणि ८ काटकसरी कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग), मूळ वीजवापर १५ वॉट, १२४०पीमध्ये ४ आणि ८, २८ वॉट. दोन्हींचा कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झच, त्यामुळे ब्राउझर-एक्सेलमध्ये फरक जाणवत नाही. व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना १२४०पी पुढे जातो, पण पंखा दमदार असेल तरच. पातळ लॅपटॉपमध्ये १२४०पी तापला की वेग उतरतो आणि जादा कोअर वाया जातात. म्हणून दुकानात सिनेबेंच आर२३ या प्रोसेसरचा वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची १० मिनिटांची सलग चाचणी चार्जर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे घ्या. काम मुख्यतः लिखाणाचे असेल, तर आम्ही १२३५यूच सुचवू.