'अंडर द वेदर' म्हणजे उन्हात असणे का?

नाही. तुम्ही विचारलंय की नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात फिरताना 'आय ॲम अंडर द वेदर' म्हणता येईल का. उन्हाशी याचा काही संबंध नाही. अर्थ एवढाच: अंगात कसर आहे, बरं वाटत नाहीये. सीताबर्डीला भर दुपारी जाऊन आलात, डोकं धरलं, जेवण जाईना, तर संध्याकाळी ऑफिसला कळवा: 'आय ॲम फीलिंग अ बिट अंडर द वेदर'. यातला 'द' गाळू नका आणि मध्ये 'हॉट' घुसवू नका. वाक्प्रचार आहे तसाच ठेवायचा. हे किरकोळ आजारासाठीच आहे. आयसीयूतल्या माणसाबद्दल चुकूनही म्हणू नका, ऐकणाऱ्याला फार लागतं.

शब्दशः अर्थ लावण्यापेक्षा मराठी जोडीदार शोधा, असं मी मनापासून सांगेन. 'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे आपलं सठीसहामाशी. एकाच महिन्यातल्या दुसऱ्या पौर्णिमेला ब्लू मून म्हणतात, तो साधारण अडीच वर्षांनी येतो. ऑगस्ट २०२३ मध्ये आला होता. चंद्र मात्र निळा दिसत नाही.