गोव्यातल्या जोडप्याचं भाडं कुणाच्या रिटर्नमध्ये दाखवायचं?

प्रश्न: मी फोंड्याला राहतो, नोकरी करतो. पत्नी घर सांभाळते. आमचं लग्न गोव्यात सिव्हिल रजिस्ट्रारकडे नोंदवलेलं आहे, लग्नाआधी कोणताही करार केलेला नव्हता. फोंड्यातलं दुकान आणि कोल्हापूरचा फ्लॅट माझ्या नावावर असून दोन्ही भाड्याने दिलेत. बँकेतल्या ठेवीही माझ्याच नावे आहेत. पुण्याचे आमचे करसल्लागार सगळं उत्पन्न माझ्या रिटर्नमध्ये दाखवतात. मेहुणे म्हणतात, अर्धं पत्नीच्या रिटर्नमध्ये दाखवा. त्यावर सल्लागारांचं म्हणणं असं, की भारतात नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न नसतं, असं केलं तर नोटीस येईल. फार तर दुकान पत्नीला बक्षीसपत्राने देऊन टाका. काय करावं?

उत्तर: तुमचे मेहुणे बरोबर सांगताहेत.

भारतात एकत्र रिटर्नची सोय नाही, हेही खरं आहे. अमेरिकेत पती-पत्नी मिळून एकच रिटर्न भरू शकतात. आपल्याकडे प्रत्येकाचा पॅन वेगळा, रिटर्न वेगळं. पण तुमच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. तुमच्या घरातलं उत्पन्न मुळात कुणाचं, हे आधी ठरवावं लागतं, आणि ते गोव्याचा कायदा ठरवतो.

१९६१ साली गोवा मुक्त झाला, तरी १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथल्या कौटुंबिक कायद्यात टिकून राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, प्रत्येकाचा हिस्सा निम्मा. कागदावर नाव कुणाचं, यावर तो हिस्सा अवलंबून नाही. म्हणून तर गोव्यात स्थावर विकताना जोडीदाराची सही लागते.

अशा उत्पन्नावर कर कुणी भरायचा, यावरून पूर्वी वाद होते. पती-पत्नी मिळून एक करदाता धरायचा का, असा मुद्दा होता. १९९४ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकर कायद्यात कलम ५ए घातलं, तेही १ एप्रिल १९६३ पासून लागू धरून. ते सांगतं की पगार सोडून बाकी प्रत्येक प्रकारचं उत्पन्न, म्हणजे घरभाडं, धंदा, भांडवली नफा, व्याज, दोघांत निम्मं-निम्मं वाटायचं आणि ज्याने-त्याने आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचं. पगार मात्र जो कमावतो त्याचाच. २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही ही तरतूद ठेवलेली आहे.

कलमात "वाटता येईल" असं नाही, "वाटलं जाईल" असं आहे. त्यामुळे कर वाचतो त्या वर्षी वाटायचं आणि वाढतो त्या वर्षी नाही, असं चालत नाही. उद्या पत्नीने व्यवसाय सुरू केला, तर त्याचा निम्मा नफा तुमच्या रिटर्नमध्ये येईल.

आकड्यांत पाहू. आकडे मी उदाहरणादाखल घेतलेत, हिशोब २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीचा आहे. समजा पगार १६,७५,०००; ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन १६ लाख. दोन्ही जागांचं वर्षाचं भाडं ६ लाख. भाड्यावर मिळणाऱ्या ३० टक्के वजावटीनंतर ४,२०,०००. व्याज १,८०,०००. सगळं तुमच्या माथी टाकलं तर उत्पन्न २२ लाख आणि उपकरासह कर २,६०,०००. कायद्याप्रमाणे वाटणी केली तर तुमचं १९ लाख, कर १,८७,२००. पत्नीचं ३ लाख, कर शून्य. म्हणजे तुम्ही एका वर्षात ७२,८०० रुपये जास्त भरता आहात.

कोल्हापूरच्या फ्लॅटबद्दल शंका येणं स्वाभाविक आहे. पण कलम ५ए मालमत्ता कुठे आहे हे विचारत नाही, पती-पत्नीला कोणता कायदा लागू आहे हे विचारतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गोव्याच्या अधिवासींच्या (कायमच्या रहिवाशांच्या) देशात कुठेही असलेल्या मालमत्तेच्या वारशाला हीच संहिता लागू होते, असं ठरवलं. तो निकाल वारशाचा असला तरी तुमच्या बाजूने भक्कम आधार आहे.

बक्षीसपत्राच्या भानगडीत मात्र पडू नका. इतरत्र नवऱ्याने बायकोला मालमत्ता बक्षीस दिली, तर कलम ६४ प्रमाणे तिचं भाडं पुन्हा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. आणि तुमच्या घरात तर दुकानाचा निम्मा हिस्सा आधीपासूनच त्यांचा आहे. सल्लागारांच्या बोलण्यातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट हीच. जी बाई निम्म्याची मालकीण आहे, तिचं नाव एवढी वर्षं कुठल्याही कागदावर आलेलं नाही.

आता करायचं ते. पत्नीचा पॅन आधारशी जोडलेला आहे ना, ते आधी बघा. दोघांनीही रिटर्नचा आयटीआर-२ हा फॉर्म भरा; आयटीआर-१ अशा वाटणीसाठी चालत नाही. त्यातल्या ५ए परिशिष्टात जोडीदाराचा पॅन आणि वाटलेली रक्कम लिहायची. बँकेने तुमच्या पॅनवर व्याजातून १८,००० कापले असतील, तर त्यातल्या ९,००० चं श्रेय टीडीएसच्या तक्त्यात पत्नीच्या पॅनकडे वळवा. पत्नीचं उत्पन्न ४ लाखांच्या करमुक्त मर्यादेच्या आत असलं तरी त्यांनी रिटर्न भरायलाच हवं, नाहीतर या ९,००० चा परतावा मिळणार नाही. दोन्ही रिटर्नमधले आकडे एकमेकांशी तंतोतंत जुळू द्या; नोटीस येते ती बहुधा ते न जुळल्यामुळे.

मागच्या वर्षांपैकी ज्याची मुदत शिल्लक असेल, त्याचं सुधारित रिटर्न लगेच भरा. अद्ययावत रिटर्नचा, म्हणजे आयटीआर-यूचा, इथे उपयोग नाही, कारण त्यातून कर कमी करून घेता येत नाही. मुदत टळलेल्या वर्षांसाठी कलम २६४ खाली आयुक्तांकडे अर्ज करता येतो, साधारणपणे आदेश मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत. इथे तो आदेश म्हणजे करनिर्धारणाची सूचना; ती ज्या तारखेला ईमेलने आली, ती तारीख आजच शोधून ठेवा.

या सगळ्याचा पाया म्हणजे तुमचा विवाह नोंदणीचा दाखला. त्याची प्रमाणित प्रत काढा. शिवाय एखादी मालमत्ता "सामाईक होणार नाही" अशा अटीवर दान किंवा वारशाने आलेली नाही ना, हे फोंड्यातल्या वकिलाकडून दोन्ही दस्त दाखवून तपासून घ्या. तशी अट निघाली, तर त्या मालमत्तेच्या भाड्याची वाटणी करायची का, हेही त्यांनाच विचारा.