वेल, पणती आणि यरीहोच्या फेऱ्या: संडे स्कूलविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : योहान 15 मधला द्राक्षवेलाचा पाठ घ्यायचाय, येशू म्हणतो ‘मी वेल, तुम्ही फाटे, माझ्यामध्ये राहा’, तो. दरवेळी चित्रं रंगवायला देतो, मुलं रंगवतात आणि विसरतात. हाताने करण्याजोगं काही सुचवा. वर्गातली निम्मी मुलं बागायतदारांच्या घरची आहेत. (निफाड)

उत्तर : मग वर्गच वेलापाशी न्या. सुरुवातीलाच पानांसकट वीतभर हिरवा शेंडा कापून उन्हात ठेवा. शेजारच्या न कापलेल्या शेंड्याला खुणेची सुतळी बांधा. पाठ झाला की दोन्हींची पानं मुलांनी बोटांत धरून बघायची. द्राक्षाचं पान सुकायला वेळ घेतं. घाई असेल तर भोपळ्याचा वेल घ्या, कडक उन्हात तो लवकर माना टाकतो.

कापलेला शेंडा पाण्यात मात्र ठेवू नका. तो टवटवीत राहतो आणि पाठ उलटा पडतो. जून काडी तर ओल्या मातीत मुळंही धरते. तुमच्या वर्गातलं एखादं पोर हमखास म्हणेल, ‘आम्ही काडी लावूनच रोप करतो की!’ त्याला गप्प करू नका. बागेत डॉगरीजच्या (मुळांसाठी लावलेल्या द्राक्षजातीच्या) खुंटावर काडीचं कलम कसं बांधतात, हे त्यालाच सांगू द्या. सांधा जुळला तर काडी फुटते, नाही जुळला तर वाळते. त्याच्या तोंडून हे ऐकल्यावर ‘माझ्यामध्ये राहा’ वेगळं समजवावं लागत नाही.

दुसऱ्या वचनातली छाटणीही याच मुलांना विचारा. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी, ऑक्टोबरची गोडी छाटणी घडासाठी. म्हणजे फळ देणाऱ्या वेलालाही कात्री लागतेच. फक्त फवारलेल्या बागेतल्या फांद्या मुलांच्या हाती नकोत. गोडी छाटणीनंतर काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंबांना, हायड्रोजन सायनामाइड हे रसायन लावतात, तेव्हा त्या बागेत मुलांना नेऊच नका. घरामागचा बिनफवारणीचा वेल बरा.

प्रश्न : दहा कुमारी दिवे घेऊन नवऱ्या मुलाची वाट पाहतात, पाच शहाण्या जादा तेल आणतात, पाच मूर्ख आणत नाहीत, त्या दाखल्यासाठी (मत्तय 25) दहा पणत्या लावल्या. शहाण्यांच्या आधी विझल्या, मूर्खांच्या तेवत राहिल्या! (शरणपूर रोड)

उत्तर : पणत्या कोऱ्या असणार. कोरी माती तेल पिते, आणि प्रत्येक पणती सारखंच पीत नाही. आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी पूर्ण वाळवा. वाती एकाच जाडीच्या, एकाच हाताने वळलेल्या हव्यात. पंखा बंद.

तेल दहाही पणत्यांत सारखंच घाला. फरक पणतीत नाही, सोबतच्या कुपीत आहे: पाच जणींकडे कुपी, पाच जणींकडे नाही. चमचाभर तेल वर्ग संपला तरी जळत राहतं, म्हणून पाव चमच्यापासून सुरुवात करून घरी घड्याळ लावून बघा. वीसेक मिनिटांत विझेल तेवढंच माप धरा.

‘शहाण्यांनी थोडं दिलं का नाही?’ हा प्रश्न येणारच. उत्तर 9व्या वचनात आहे (वाटलं तर कुणालाच पुरणार नाही), पण ते हातानेच कळू द्या. कुप्यांतलं तेल दहा जणींत वाटून परत लावा आणि नवरा यायची वेळ आधीच फळ्यावर लिहून ठेवा. दहाही विझतात. कुपीत नेमकं किती तेल हवं, तेही घरीच ठरवा.

पणत्या वाळूच्या परातीत ठेवा, पेटवायचं काम शिक्षकांचं. ओढण्या, मोकळे केस आवरून घ्या. तेल भडकलं तर पाणी नाही, वाळू टाका.

प्रश्न : चार ते बारा वयाची मुलं एकाच खोलीत. यरीहो (यहोशवा 6), म्हणजे फेऱ्या घालून आरोळी दिल्यावर शहराची भिंत कोसळते तो पाठ, कसा घ्यावा? (देवळाली कॅम्प)

उत्तर : लहानांनी रिकाम्या खोक्यांची भिंत रचायची, मोठ्यांपैकी सात जणांनी पुठ्ठ्याची रणशिंगं घेऊन पुढे चालायचं. सहा दिवस रोज एक आणि सातव्या दिवशी सात, अशा एकूण 13 फेऱ्या. फेऱ्या मोजायला जिन्नस द्या, 13 चिंचोके पुरतात, नाहीतर आठवीनंतर भांडणं लागतात. शिंगं वाजू देत, पण बोलायचं कुणी नाही. 10व्या वचनात तशी आज्ञाच आहे, आणि चार वर्षांच्यांना सगळ्यात अवघड तेच जातं. म्हणून त्यांना मोठ्यांचा हात धरायला लावा. खोकी चिकटवू नका, नाहीतर आरोळीनंतर भिंत उभीच राहते.