बायकांनी जिममध्ये वजनं उचलली तर दंड पुरुषांसारखे होतात, अंग बाहेर येतं असं म्हणतात, ते खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की वय ३६, एक मुलगी आहे, नॉर्मल डिलिव्हरी झालेली, ऑफिस अंधेरीला, आणि सोसायटीच्या जिममधला ट्रेनर वजनं उचलायला सांगतोय. पण घरी सासूबाई म्हणतात अंग बाहेर येईल, म्हणजे गर्भाशय खाली उतरेल, आणि मैत्रिणी म्हणतात दंड पुरुषांसारखे होतील. मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, परळच्या एका छोट्या जिममध्ये बरीच वर्षं बारबेल उचलतेय, आणि आमच्या सकाळच्या बॅचला येणारी जवळपास प्रत्येक नवीन बाई हेच दोन प्रश्न घेऊन येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दंडांचं आधी सांगते, ते सोपं आहे. पुरुषांचे स्नायू एवढे मोठे होतात त्यामागे टेस्टोस्टेरॉन हे हार्मोन असतं आणि ते त्यांच्या रक्तात बायकांपेक्षा दहा-पंधरा पट तरी जास्त असतं. एवढं असूनही संध्याकाळच्या बॅचची पोरं दंड भरावेत म्हणून वर्षानुवर्षं घाम गाळत असतात. आपले स्नायू वाढतच नाहीत असं नाही हं, वाढतात, खांदे भरतात, मांड्या घट्ट होतात, पण ते हळूहळू होतं आणि कुठे थांबायचं ते आपल्या हातात असतं. फोटोत दिसतात त्या बॉडीबिल्डर बायकांची कित्येक वर्षांची मेहनत असते, स्पर्धेआधी महिनोन्महिने मोजूनमापून खाणं असतं, काही जणी स्टेरॉइड्सही घेतात. आठवड्यातून दोन-तीनदा जिमला जाऊन तसं शरीर होत नाही.

शिवाय ताकद म्हणजे नुसता स्नायूंचा आकार नव्हे. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती बरीचशी मज्जासंस्थेमुळे, म्हणजे मेंदू आणि नसा आहेत तेच स्नायू जास्त चांगले वापरायला शिकतात. आपल्या वडगाव मावळची हर्षदा गरुड बघा, २०२२ मध्ये ग्रीसला ज्युनियर जागतिक वेटलिफ्टिंगमध्ये सुवर्णपदक घेतलं, ४५ किलोच्या गटात, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क, म्हणजे वजन डोक्यावर न्यायचे दोन प्रकार, मिळून १५३ किलो. मीराबाई चानूने टोकियोला ४९ किलोच्या गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्य आणलं. एवढ्याशा चणीच्या मुली आहेत दोघी.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे मात्र मी दुर्लक्ष करणार नाही. त्यांच्या पिढीत पाच-पाच बाळंतपणं, मध्ये विश्रांती नाही, लगेच हंडे उचलायचे, आणि मग अंग बाहेर आलेल्या बायका त्यांनी खरंच पाहिलेल्या असतात आणि ते दुखणं कुणाला सांगायचीही सोय नसायची. त्यामुळे भीती उगाच आलेली नाही. फक्त त्याची कारणं समजून घ्या. मूल खालून जन्माला येताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, कधी फाटतात, पुढे पाळी गेली की तिथला आधार आणखी सैल होतो, त्यात वाढलेलं वजन, जुनाट खोकला, आणि वर्षानुवर्षं संडासला कुंथणं. या कुंथण्याबद्दल कुणी बोलत नाही पण खाली रोज दाब पडतो तो त्यानेही. ओझ्याचाही भाग असतो, विशेषतः बाळंतपणानंतर लगेच उचललेल्या ओझ्याचा. जिममध्ये मात्र वजन थोडं-थोडं वाढवत नेतात, पाठ कशी ठेवायची, श्वास कधी सोडायचा ते शिकवतात आणि मध्ये विश्रांती असते. तुम्ही पंधरा किलोची लेक कडेवर घेऊन अंधेरीचा पूल चढता तेव्हाही वजनच उचलत असता, एका बाजूला, घाईत, आणि ते कसं उचलायचं हे कुणीच शिकवलेलं नसतं.

तुमची डिलिव्हरी झालेली आहे म्हणून दोन गोष्टी मात्र नक्की बघा. खोकताना, शिंकताना, उडी मारताना लघवीचे थेंब गळतात का? आणि खाली जड वाटतं का, काहीतरी उतरल्यासारखं, ओढल्यासारखं? यातलं एक जरी असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात, मुंबईत मिळतात, त्यांच्याकडून तिथले व्यायाम नीट शिकून घ्या. त्यानंतरही वजनं कायमची बंद असं सहसा नसतं, आमच्या बॅचला अशा दोघी आहेत, डॉक्टरांना विचारून हळूहळू वाढवत आल्या. आणि त्रास असो-नसो, वजन वर नेताना श्वास सोडायचा, दम कोंडून कुंथायचं नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता खरं मला ज्यासाठी लिहायचंय ते. या दोन भीत्यांपायी बायका वजनांपासून लांब राहतात आणि जिची भीती वाटायला हवी ती गोष्ट कुणी सांगतच नाही, ती म्हणजे हाडं. हाडांची भरणी साधारण तिशीपर्यंत होते, मग ती टिकवायची असतात, आणि पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं भराभर विरळ होतात, काही बायकांची पहिल्या पाच-सात वर्षांत वीस टक्क्यांपर्यंत. आपल्याकडे पाळीही पाश्चात्य देशांपेक्षा लवकर जाते, सरासरी ४६-४७ व्या वर्षी. माझी आई मोरीत घसरली, हात टेकला आणि मनगट मोडलं, एवढ्याशा पडण्याने. तोपर्यंत तिची हाडं ठिसूळ झालीत हे घरात कुणाला माहीतच नव्हतं, कारण ठिसूळ हाडं दुखत नाहीत, मोडतात तेव्हाच कळतं. त्यानंतर मी या सगळ्याची माहिती काढायला लागले.

हाडाला ताण लागतो. स्नायू जोराने ओढतो तेव्हा हाडातल्या पेशींना कळतं की इथे मजबुती हवी आणि त्या नवीन हाड घालतात. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या आणि हाडं आधीच कमकुवत असलेल्या १०१ बायकांवर एक अभ्यास झाला, लिफ्टमोर नावाचा. त्यातल्या निम्म्या जणींना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा अर्धा तास डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरून वजन उचलणं, स्क्वॉट म्हणजे वजन घेऊन उठबस, डोक्यावर वजन ढकलणं आणि उडी मारून उतरणं असा व्यायाम दिला, तोही जड वजनांनी पण सतत कुणीतरी तज्ज्ञ उभं राहून. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास तीन टक्क्यांनी वाढली, आणि घरच्या घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची एक टक्क्याहून जास्त घटली. सरासरी पासष्टीच्या बायका होत्या त्या! हे वाचलं त्या दिवशी मला रडू आलं होतं, आईला हे वेळेवर कुणी सांगितलं असतं तर असं वाटून.

म्हणूनच "मी रोज चालते, तेवढं पुरे" हे ऐकलं की मला राहवत नाही. शिवाजी पार्कला फेऱ्या मारणाऱ्या सगळ्या मावश्यांबद्दल मला आदर आहे, हृदयासाठी, साखरेसाठी चालणं उत्तमच, पण मनगट, खांदे, पाठ यांना त्यातून काही मिळत नाही आणि नितंबाच्या हाडालाही फार थोडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींमध्येही चालण्याशिवाय वेगळं, आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितलाय, आणि तो बायका-पुरुष सगळ्यांना सारखाच. तसंच त्या एक किलोच्या गुलाबी डंबेल्सचं, बायकांना तेवढेच देऊन "टोनिंग" करायला लावतात. तुमची भाजीची पिशवी त्याहून जड असते हो. दहा-बारा वेळा केल्यावर शेवटचे दोन-तीन जड गेलेच नाहीत तर वजन कमी आहे.

बाकी पटापट सांगते. पोटाचे व्यायाम करून पोटाचीच चरबी जाते असं होत नाही, चरबी कुठून आधी जाणार ते शरीर ठरवतं. व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते हेही खोटं, दोन वेगळ्या पेशी आहेत, एकीची दुसरी होत नाही. स्नायू वाढले की बसल्याबसल्या खूप कॅलरी जळतात असं ट्रेनर सांगतात तेही फार फुगवलेलं आहे, एक किलो स्नायूमागे दिवसाला साधारण तेरा कॅलरी, म्हणजे पाव पोळीही नाही, त्यामुळे वजनं उचला ती ताकदीसाठी. पाळीत चालतं, जमेल तेवढं करायचं, कळा येत असतील तर सुट्टी. पहिल्या काही आठवड्यांत काटा एखादा किलो वर जाऊ शकतो, स्नायू पाणी धरून ठेवतात म्हणून, घाबरू नका.

खाण्याकडे मात्र लक्ष द्या, इथे आपण खरंच कमी पडतो. साठ किलोच्या बाईला नुसतं जगायलाच दिवसाला पन्नास ग्रॅम प्रोटीन लागतं, वजनं उचलणारीला सत्तर ते नव्वद. वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा, तेव्हा सकाळी पोहे आणि दुपारी पोळी-भाजी एवढ्यावर हिशोब बसत नाही. बांगडा खा, मटकीची उसळ, पनीर, सोया चंक्स, दही. प्रोटीन पावडर म्हणजे स्टेरॉइड नव्हे, त्यात असतं ते व्हे नावाचं प्रोटीन दुधातूनच निघतं, पण घरचं जमत असेल तर तिची गरजही नाही.

सुरुवात म्हणाल तर आठवड्यातून दोन दिवस पुरेत. खुर्चीवर बसून उठणं हेच स्क्वॉट, आधी बिनवजनाचं, मग छातीशी डंबेल धरून. जमिनीवरून वजन उचलणं, पाठ सरळ ठेवून. ओट्याला हात टेकून तिरके पुश-अप. एक ओढायचा व्यायाम, म्हणजे वजन स्वतःकडे ओढायचं. ट्रेनरला विचारा की दर दोन आठवड्यांनी माझं वजन किती वाढवणार, आणि तो लिहून ठेवतो का ते बघा, नुसतं ट्रेडमिलवर सोडून देत असेल तर दुसरा शोधा. पहिल्यांदा केल्यावर स्टेशनचा जिना उतरताना मांड्या जाम दुखतील, ते दोन-तीन दिवसांत जातं, पण गुडघ्यात किंवा कमरेत टोचल्यासारखं दुखलं तर तो व्यायाम थांबवून आधी कसा करताय ते कुणाकडून तरी तपासून घ्या. आणि सासूबाई साठीच्या आत-बाहेर असतील तर त्यांची एकदा डेक्सा स्कॅनने हाडांची तपासणी करून घ्या, आणि रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणाले तर खुर्चीवरून बसण्या-उठण्याचा व्यायाम दोघी मिळूनच सुरू करा.