वहीत प्रेमकविता सापडल्या, आता काय करायचं?

"वहीच्या मागच्या पानांवर प्रेमाच्या कविता सापडल्या. पोरगं वाया जाणार का हो?" पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचे आईवडील हे इतक्यांदा विचारतात, की आता एकदाचं लिहूनच टाकते.

एका आईनं तर पानांचे फोटोच काढून आणले होते. "ती मुलगी कोण, तेवढं त्याच्याकडून काढून घ्या." मी नाही म्हटलं. मुलगा सुरुवातीला गप्पच. आपली वही चोरून वाचली, हा राग त्याला प्रेमापेक्षा जास्त जाळत होता, आणि तो रास्तच होता. मी फोटो पाहिलेच नाहीत हे कळल्यावर तो स्वतःहून वही घेऊन आला.

पाऊस होता, चंद्र होता, 'तुझ्यावाचून'ला 'मनापासून'चं यमक होतं.

"तिला काय आवडतं रे?"

"म्हणजे?"

"तिचे डोळे पानापानावर आहेत. ती हसते कशावर, घाबरते कशाला?"

बराच वेळ पानं चाळून तो म्हणाला, "माहीत नाही. आम्ही फारसं बोललोच नाहीये."

"मग या कवितांत आहे कोण?"

"मीच आहे की सगळीकडे!" आणि खुदकन हसला.

हे त्याच्याच तोंडून यावं म्हणून मी थांबले होते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन १९५० मध्येच लिहून गेलेत, की किशोरवयातलं प्रेम ही बऱ्याच अंशी स्वतःची ओळख पटवण्याची धडपड असते. मूल समोरच्यात स्वतःला पाहत पाहत उलगडत जातं. मी त्याच विचाराची. म्हणूनच "कोणासाठी लिहिलंस?" या उलटतपासणीतून हाती काही लागत नाही. "ही ओळ कशी सुचली?" असं विचारा, मूल बोलू लागतं. वही वाचलीच असेल तर सरळ कबूल करून माफी मागा. यमकांची थट्टा नको, पाहुण्यांपुढे वाचन तर नकोच.

कवितेत मरण अधूनमधून येतंच. पण तीच भाषा सतत दिसत असेल, झोप-जेवण उडालं असेल, मित्र तुटले असतील, तर जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आणि तज्ज्ञांची मदत लगेच घ्या.

त्या आईनं मुलासमोर फोटो डिलीट केले. पुढे त्यानं तिला एक कविता वाचूनही दाखवली. निघताना तिनं मला हळूच बाजूला घेतलं, "पण मॅडम, ती मुलगी कोण?"

म्हटलं, त्यालाच विचारा. वर्षभरानं.